'केशो' म्हणजे उद्या

ताई, सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून ३१ वर्षं शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. लेक-जावई नैरोबीला असतात. त्यांच्याकडे दीड महिन्यासाठी आले आहे, त्यातले तीन आठवडे संपले. विमानात बसायचीही ही पहिलीच वेळ.

येताना पोटात गोळा होता. आफ्रिका म्हटल्यावर मी ओडोमॉस, मच्छरदाणी, ओआरएसची पाकिटं, सगळे सुती कपडे असं भरून आणलं आणि उतरले ती कुडकुडतच. जुलै महिन्यात जावयाचं जॅकेट अंगात घालून हे पत्र लिहिते आहे. रस्ते, उंच इमारती, मॉल बघून पहिले दोन दिवस माझं एकच पालुपद होतं, "अगं, हे तर आपल्यापेक्षा बरं आहे की!" तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, हे ड्रायव्हरसमोर इंग्रजीत नको म्हणूस." मला लागलं, पण काय चुकलं ते नीटसं कळलं नाही.

गेल्या रविवारी लेकीच्या ओळखीची पाच-सहा कुटुंबं मिळून शहराबाहेरच्या एका बालकाश्रमात गेलो. तांदळाची पोती, तेलाचे डबे, साखर, बिस्किटं नेली होती. चाळीसेक मुलं. गाडीतून पाय खाली ठेवतो तोच पळत आली आणि बिलगली. मग ओळीत उभं राहून त्यांनी आमच्यासाठी गाणं म्हटलं. पाच-सहा वर्षांच्या एका मुलीनं माझं बोट धरलं ते दोन तास सोडलं नाही. माझ्या बांगड्या मोजत होती. निघताना मान वर करून तिनं काहीतरी विचारलं, त्यातला शेवटचा 'केशो' एवढाच शब्द माझ्या कानात राहिला. मी आपलं हसून "हो, हो" म्हटलं, मानही हलवली. परतीच्या वाटेवर ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, केशो म्हणजे उद्या. ती विचारत होती, उद्या येशील?

त्याला आठ दिवस झाले. मी गेलेली नाही आणि रात्री झोप नाही.

आणखी एक. तिचा नि माझा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी बदाम पाठवले, भाचीनं मात्र लिहिलं, "मावशी, हा फोटो काढून टाक." मी तिच्यावर रागावले.

आता मी काय करू? मुक्काम वाढवून तीन महिने तिथे शिकवावं असं मनात आहे. लेकीची मैत्रीण म्हणते, निदान तिथल्या बायकांना चपात्या तरी शिकवा. जावई म्हणतात, त्या मुलीचा महिन्याचा खर्च आपण उचलू म्हणजे तुमच्या जिवाला स्वस्थता. आणि एक विचारायची लाज वाटते. त्या रविवारी घरी आल्यावर मला फार बरं वाटलं होतं. हे चूक आहे का?

— एक निवृत्त शिक्षिका, मुक्काम नैरोबी

*

बाई,

३१ वर्षं शिकवलंत म्हणजे निम्मा तालुका तुम्हाला बाई म्हणत असेल, मीही तेच म्हणते.

ओडोमॉसपासून सुरुवात करू. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे. आपलं महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. विषुववृत्त नकाशावर बोटभर अंतरावर असलं तरी जून ते ऑगस्ट तिथे ढगाळ, गारठ्याचे दिवस असतात, आणि शहराचं नावच मुळी मासाई भाषेतल्या 'थंड पाण्या'वरून पडलेलं आहे. मोंबासाला समुद्रावर जाणार असाल तर ते सुती कपडे आणि ओडोमॉस जपून ठेवा, तिथे उकाडाही आहे आणि मलेरियाही.

आता लेकीचं बोलणं. "आपल्यापेक्षा बरं आहे की!" यातल्या त्या 'की'नं घोटाळा केला. समजा, पुण्याहून एखादे साहेब तुमच्या शाळेच्या तपासणीला आले आणि वर्गात मुलांसमोरच म्हणाले, "अरे, ही पोरं तर हुशार आहेत की!" कौतुकच ते. पण साहेब घरून काय समजून निघाले होते ते त्या 'की'मध्ये उघडं पडलं, आणि तुम्ही रात्रभर धुमसत राहिला असतात. ड्रायव्हरचंही तसंच. त्याचं शहर त्याला माहीत आहे. तिथली उंच इमारत त्याला नवलाची नाही, आणि पत्र्याच्या खोल्यांची वस्तीही नाही.

आणि तुम्ही तिथे परक्या असलात तरी अनोळखी नाही, हे थोडं सविस्तर सांगते, कारण पुढच्या सगळ्याशी त्याचा संबंध आहे. नैरोबी वसलं १८९९ साली, रेल्वेच्या मुक्कामाची जागा म्हणून. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा तो लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला, आणि तो बांधायला इंग्रजांनी अखंड हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर नेले. त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. मागोमाग गुजराती व्यापारी गेले, गोव्याचे कारकून आणि शिंपी गेले. म्हणून स्वाहिलीत दुकानाला 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी', रंगाला 'रांगी', लाखाला 'लाकी'. लेक भाजीवालीला मोबाइलवरून पैसे देते त्या एम-पेसातला 'पेसा' म्हणजे आपला पैसाच. २००७ साली तो सुरू झाला, आपण इथे यूपीआयचं कौतुक करू लागलो त्याच्या कितीतरी आधी. रस्त्यात ज्या मोटारसायकली माणसांची ने-आण करतात, त्या बोडा-बोडांच्या टाक्या जरा वाचत चला. 'बॉक्सर' दिसेल. पुण्याच्या बजाजची गाडी ती.

गोव्याचं म्हटलं म्हणून आठवलं. पिओ गामा पिंटो हे नाव लेकीला विचारा, नाहीतर ड्रायव्हरला विचारा, त्यालाच जास्त माहीत असण्याची शक्यता आहे. १९२७ साली नैरोबीत जन्मलेला गोवेकर आईबापांचा मुलगा. शिक्षण भारतात झालं, गोव्याच्या मुक्तीसाठी धडपडला, मग केनियाच्या स्वातंत्र्यासाठी इंग्रजांच्या कैदेत राहिला, आणि स्वतंत्र केनियात १९६५ साली नैरोबीतच त्याला गोळ्या घातल्या. आपल्या शाळेच्या पुस्तकांत तो नाही, तुम्हीही शिकवला नसेल, मीही तिशी ओलांडल्यावर ऐकलं.

पण या ओळखीला दुसरीही बाजू आहे. इंग्रजांनी शहर वाटून दिलं तेव्हा गोरे वरच्या हिरव्या टेकड्यांवर, हिंदी लोक मधे पार्कलँड्स-न्गारा भागात आणि आफ्रिकी माणूस पूर्वेकडच्या वस्त्यांत, अशी उतरंड लावली. हिंदी माणूस मधला. गल्ल्यावर बसणारा, उधारी लिहिणारा, कामावर ठेवणारा. २०१७ साली केनिया सरकारनं तिथल्या आशियाई लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली, म्हणजे आता ते कागदोपत्री घरचेच. तरी 'मुहिंदी', म्हणजे हिंदी माणूस, या शब्दात त्या गल्ल्याचा वास अजून थोडा आहे. तेव्हा चार गाड्या भरून 'वाहिंदी', म्हणजे हिंदी मंडळी, पोती घेऊन फाटकाशी येतात, तेव्हा आतल्या माणसांना त्याचा अर्थ लावायला वेळ लागत नाही. दाते आले. मुलांना ओळीत उभं करा, गाणं घ्या.

ते गाणं त्या रविवारी पहिल्यांदा म्हटलेलं नव्हतं, बाई. तुम्ही शाळेत पाहुण्यांसाठी स्वागतगीत बसवलेलं आहे, तुम्हाला हे मी काय सांगावं! पण तुमच्या शाळेतली मुलं गाणं संपलं की घरी जात होती.

मी तेविसाव्या वर्षी एका बालगृहात नोकरीला लागले. गावाचं नाव नको. तिथे दर रविवारी वाढदिवस असायचे. मुलांचे नाहीत, गावातल्या लोकांचे. कुणाच्या नातवाचा पहिला, कुणाच्या वडिलांचा पंचाहत्तरावा. एका रविवारी चार केक आले. सात वर्षांचा एक मुलगा होता, तो प्रत्येक केकपाशी उभा राहून टाळ्या वाजवायचा आणि तोंडाला क्रीम लावून घ्यायचा. चौथ्या केकला त्यानं मला विचारलं, "मॅडम, आज अजून कुणाचा आहे?" कंटाळलेला होता. रात्री उलटी झाली त्याला. त्याची स्वतःची जन्मतारीख आमच्या रजिस्टरमध्ये १ जून होती, कारण तारीख माहीत नसलेल्या सगळ्याच मुलांची १ जून होती. तुमच्याही हजेरीपटावर अर्धा वर्ग १ जूनचा असणार.

पोरं पळत येऊन बिलगली, याचं तुम्हाला भरून आलं. मलाही पहिल्या आठवड्यात यायचं. मग आमच्या स्वयंपाकाच्या मावशी एकदा म्हणाल्या, "मॅडम, माझी नात अनोळखी माणूस आलं की माझ्या पदराआड लपते. ही लेकरं कुणाच्या पदराआड लपणार?" मावशी चौथी शिकलेल्या. पुढे वाचनात आलं की २००० साली अमेरिकन संशोधकांनी रुमानियात, बुखारेस्टच्या बालसंस्थांतल्या १३६ तान्ह्या-रांगत्या मुलांचा अभ्यास सुरू केला. निम्मी मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांत दिली, निम्मी होती तिथे राहिली, आणि दोन्हींकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. संस्थेत वाढलेल्या मुलांत दिसणाऱ्या गोष्टींपैकी एक हीच, कुणाही परक्या माणसाकडे निःशंक जाणं, त्याचा हात धरून चालू लागणं. पाच वर्षांच्या पोरीनं दोन तास बोट सोडलं नाही ते तुमच्यावर जीव जडला म्हणून असेल, नाही कशाला म्हणू? पण त्याच्या आदल्या रविवारी कुणाचं बोट धरलं होतं हे तिथल्या ताईंना विचारा.

आता ज्या गोष्टीचा तुमच्या पत्रात कुठेच उल्लेख नाही, तिच्याकडे येते. या मुलीचं घर कुठे आहे?

तुम्ही 'बालकाश्रम' लिहिलंत, ग्रुपवर बहुधा 'अनाथाश्रम' लिहिलं असेल. अशा घरांतली बरीच मुलं अनाथ नसतात. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेनं २००९ साली जगभरातली माहिती एकत्र करून सांगितलं होतं की संस्थांमध्ये राहणाऱ्या दर पाच मुलांतल्या किमान चौघांची आई किंवा बाप किंवा दोघंही हयात असतात. आपल्याकडेही चित्र फार वेगळं नाही, मी रजिस्टरं सांभाळली आहेत. आई ऊसतोडीला, बाप दारूत, आजी म्हातारी, म्हणून मूल बालगृहात. केनियात त्यात एड्सच्या साथीची भर पडली, एक अख्खी पिढी आजी-आजोबांनी वाढवली. प्राथमिक शिक्षण तिथे २००३ पासून मोफत आहे, पण गणवेश, बूट, वह्या, दुपारचं जेवण घरच्यांनाच बघावं लागतं. आश्रमात तीन वेळचं खाणं आणि शाळा मिळते असं कळल्यावर एखादी मावशी भाचीला आणून सोडते. दुष्टपणानं नव्हे. तुमच्या वर्गातल्या किती आयांनी तुम्हाला विचारलं असेल, "बाई, हिला होस्टेलला टाकता येईल का?"

केनिया सरकारनंही हे ओळखलं आहे. २०१७ साली त्यांनी नवीन बालकाश्रमांची नोंदणी थांबवली. २०२२ मध्ये मुलांसाठी नवा कायदा आला, आणि त्याच वर्षी मुलांना संस्थांमधून कुटुंबांत परत नेण्याचं दहा वर्षांचं राष्ट्रीय धोरण जाहीर झालं. आई-बापाविना राहिलेलं मूल काका-आजीच्याच घरी राहावं म्हणून सरकारकडून त्या घराला महिन्याला २,००० शिलिंग देण्याची योजना तर २००४ पासून आहे. आपल्या बालसंगोपन योजनेची बहीणच म्हणा, आपल्याकडे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. तुम्ही त्याचे फॉर्म नक्की भरून दिले असतील. मग सांगा, योजनेचे पैसे वेळेवर आले की मूल घरी राहतं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय ना?

म्हणून जावईबापूंचा बेत मला पसंत नाही. माणूस भला आहे, सासूची झोप उडाली म्हणून पैसे काढायला तयार झाला, पण एका मुलीच्या नावानं आश्रमाला दरमहा पैसे सुरू केले की काय होतं बघा. ती तिथे राहिली तर पैसे येतात, घरी गेली की बंद. पैसा ज्या दारानं येतो त्या दारात मूल उभं केलं जातं. बाकीच्या एकोणचाळीस जणांना कळतं की हिची एक हिंदी आजी आहे, आपली नाही. आणि तिची खरी आजी किसुमूकडच्या कुठल्या गावात असलीच, तर तिला मात्र नातीला भेटायला यायचं बसभाडं परवडत नाही.

तो आश्रम वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी पाहिलेला नाही. चांगलाही असेल, असे असतात. पण तुम्हाला कळून घ्यायचं असेल तर शिक्षिकेच्या नजरेनं बघा, पाहुणीच्या नको. नोंदणीचा कागद भिंतीवर आहे का? तुम्ही न कळवता बुधवारी गेलात तर फाटकावरचा माणूस कसा वागतो? मोठी मुलं छोट्यांवर डाफरतात का? झोपायच्या खोलीत प्रत्येकाची स्वतःची एक तरी वस्तू आहे का, एखादी पेटी, एखादा कप्पा? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली. हा प्रश्न विचारल्यावर आश्रम चालवणाऱ्या बाईंचा चेहरा खुलला आणि त्या एकेकाची हकीकत सांगू लागल्या, तर निर्धास्तपणे पैसे द्या, आणि ते 'घरी गेलेल्या मुलांसाठी' म्हणून द्या. गणवेशाला, बुटांना, आजीच्या बसभाड्याला. उलट त्यांनी नव्या इमारतीचा नकाशा पुढे केला, तर चहा पिऊन उठा.

तिथली माणसं आपल्या दानाची वाट बघत बसलेली नाहीत, हेही एकदा नीट पाहून घ्या. लेकीच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना विचारा, त्या कुठल्या 'चामा'त आहेत. चामा म्हणजे आपली भिशी, बचत गट म्हणा हवं तर. दर महिन्याला सगळ्या जणी पैसे घालतात, पाळीपाळीनं उचलतात. कुणाच्या मुलाची फी, कुणाकडची मयत, कुणाचं हॉस्पिटल निघालं की वर्गणी होते, तिला 'हारांबे' म्हणतात. सगळ्यांनी मिळून ओढायचं, असा त्याचा अर्थ, आणि तो शब्द केनियाच्या राजमुद्रेवर आहे. त्या बाईंच्या चामात किंवा त्यांच्या चर्चमध्ये एखादी विधवा पुतण्यांना सांभाळत असेलच. तिच्या घरातल्या पोरांच्या शाळेचं वर्षाचं गणित विचारा. कदाचित तुमच्या जावयाच्या एका रविवारच्या तांदळा-तेलात ते बसेल. त्यात फोटो नाही निघणार, गाणं नाही होणार. पण ती पोरं आश्रमाच्या फाटकापर्यंत जाणारच नाहीत.

तीन महिने शिकवायचं म्हणता. नको. एक तर पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाला तिथे बिनपगारी कामही करता येत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. आणि समजा मिळाला. तुम्ही हाडाच्या शिक्षिका, पंधरा दिवसांत चाळीसच्या चाळीस नावं पाठ कराल. कुणाला 'र' येत नाही, कुणाला कमी दिसतं, सगळं तुमच्या ध्यानात येईल. पोरं तुम्हाला 'शोशो' म्हणतील, नैरोबीत आजीला असंच म्हणतात. आणि एक्याण्णवाव्या दिवशी शोशो विमानात बसेल. त्यांच्या आयुष्यातून अशी किती माणसं आली नि गेली ते त्यांनाच माहीत. तुमची शिकवण्याची खाज (रागावू नका, मलाही आहे) इथे आल्यावर भागवा. साताऱ्यात तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर संध्याकाळी अभ्यास घ्यायला कुणी नसलेली दहा पोरं सापडतील, आणि तिथे तुम्ही दहा वर्षं जाऊ शकाल.

चपात्यांचं ऐकून मात्र मला हसू आवरेना. अहो, चपाती तिथे कधीच घरची झाली आहे. पापुद्र्यापापुद्र्यांची, तेल सोडून खरपूस भाजलेली, तिला लाडानं 'चापो' म्हणतात. आणि ती रोजची नाही बरं, सणासुदीची, ख्रिसमसची. रोज उगाली आणि सुकुमा विकी, म्हणजे मक्याचं घट्ट उकडलेलं पीठ आणि कोबीच्या जातीची एक पालेभाजी. तिथल्या बायकांना चपाती शिकवायला जाणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबडा रस्सा शिकवण्यासारखं. उलट त्यांच्याकडून शिकून या. आणि रस्त्याच्या कडेला कोळशावर भाजलेलं कणीस मिळतं, वर तिखट-मीठ आणि लिंबू चोळून देतात. ते खा. महाबळेश्वरची आठवण येईल.

फोटोचं थोडक्यात. भाची बरोबर आहे. काढून टाका, आणि ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांनाही फोन करून काढायला सांगा. आपल्याकडे तर देखरेखीखालच्या मुलाची ओळख उघड करणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायदा राहू द्या. उद्या ती मुलगी वीस वर्षांची होऊन कुठल्याशा ऑफिसात नोकरीला लागेल, आणि तिचा तो चेहरा साताऱ्यातल्या कुणाच्या तरी फोनमध्ये 'बिचारी' या कप्प्यात पडलेला असेल. तुमच्या नातीचा असा फोटो तिथल्या कुणी काढला असता तर? भाचीला फोन करताना तिलाही दोन गोड शब्द बोला, घरच्या ग्रुपवर मावशीला असं लिहायला धाडस लागतं.

बरं वाटलं ते चूक का, विचारलंत. नाही हो. पंगत जेवून उठली की वाढणारीला बरं वाटतंच. फक्त त्या रविवारी पंगतीला कोण बसलं होतं ते आठवा. गायली मुलं, ऐकलंत तुम्ही. बिलगली मुलं, ऊब मिळाली तुम्हाला. तुम्हाला ते आतून कुठेतरी कळलेलं आहे, म्हणून तर झोप येत नाही.

आता केशो.

मीही एकीला असं "हो" म्हटलं होतं. स्वच्छ मराठीत, अर्थ समजून. "सोमवारी येते गं." त्या शनिवारीच माझ्या लग्नाची बोलणी पक्की झाली, नोकरी सुटली, गाव सुटलं. दोन वर्षांनी त्या स्वयंपाकाच्या मावशी बाजारात भेटल्या. म्हणाल्या, दर सोमवारी विचारायची. मग विचारायची थांबली. मी पुढे काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्यांच्या पिशवीतल्या मेथीच्या जुड्या तेवढ्या मला आठवतात.

म्हणून तुम्ही जा. एकदाच, आणि रविवारी नको. आधी तिथल्या बाईंना फोन करवून घ्या, त्या मुलीची देखभाल कोण करतं ते विचारा आणि त्यांची हरकत नसेल तरच जा. पोती नकोत, खाऊ नको, बांगड्याही नकोत. बांगड्या काढून दिल्यात तर उरलेल्या एकोणचाळीस जणांकडे बघवणार नाही. लेकीला न्या, पण ड्रायव्हरला जरूर न्या, त्याच्याकडून स्वाहिलीत बोलवून घ्या. सरळ सांगा, मी तुझी भाषा समजले नाही, चुकून हो म्हटलं. मी दूर राहते, माझ्या घरी परत चालले आहे, आता येणार नाही. तू माझ्या बांगड्या मोजल्यास, किती भरल्या होत्या? पाच वर्षांच्या मुलाला 'येणार नाही' कळतं, बाई. 'बघू हं' कळत नाही. रडली तर तिथल्या ताईंनी तिला जवळ घ्यायचं, तुम्ही नाही. त्या तिथेच राहणार आहेत. मग तासभर त्या बायकांबरोबर बसा, राजमा निवडायला घ्या, तो तिथे रोजच निवडतात. आणि तो घरी परत गेलेल्या मुलांचा प्रश्न तेव्हाच विचारा, तांदळाच्या पोत्याशेजारी उभं राहून विचारलात तर खरं उत्तर येणार नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजला. फोनवर बाईंनी 'सा तातू'ला या म्हणून सांगितलं आणि लेकीनं त्याचं 'तीन वाजता' केलं, तर तुम्ही दुपारी पोचाल. तातू म्हणजे तीन खरं, पण त्यांचे तीन म्हणजे आपले सकाळचे नऊ. नऊला फाटकाशी असा. आणि जावयाचं जॅकेट घालून जा, सकाळी तिकडे चांगलंच गार असतं.